वडिलांच्या जखमेच्या कल्चर रिपोर्टमध्ये एमआरएसए आलंय. आता कुठलंच औषध लागू पडणार नाही का?

पडेल. गुडघा बदलल्यावर बाराव्या दिवशी टाक्यांतून पू आला आणि रिपोर्टात 'आर'ची (रेझिस्टंट, म्हणजे औषध लागू नाही) रांग बघून घरात रडारड झाली, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, असे रिपोर्ट निघतात त्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे.

एमआरएसए म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ (स्टॅफिलोकोकस ऑरियस) हा जंतू. यातला 'एम' म्हणजे मेथिसिलिन, पेनिसिलिनच्या जातीचं अँटिबायोटिक. हे औषध १९५९ साली आलं आणि १९६१ मध्येच इंग्लंडमध्ये त्याला न जुमानणारे स्टॅफ सापडले. आता ते कुणी देत नाही, नाव तेवढं उरलंय. आम्ही जंतू पसरलेल्या प्लेटवर सेफॉक्सिटिन या त्याच्याच भाऊबंदाची चकती ठेवतो. जंतू साधा असेल तर सकाळी चकतीभोवती २२ मिलिमीटर किंवा जास्त रुंदीचं स्वच्छ वर्तुळ दिसतं. एमआरएसए बरेचदा थेट चकतीला चिकटून उगवतो. पेनिसिलिनच्या भाऊबंदकीतली औषधं जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला धरतात. याच्याकडे वेगळंच प्रथिन असतं, ते यांच्या हाती लागत नाही. म्हणून मेरोपेनेमसारखं महागडं इंजेक्शनही इथे फुकट जातं. 'भारीतलं द्या' म्हणून मागे लागू नका.

रिपोर्ट खालपर्यंत वाचा. व्हँकोमायसिन, टायकोप्लॅनिन, लिनेझोलिड यांच्यापुढे बहुधा 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू) असेल. व्हँकोमायसिनची सलाईन तासभर तरी हळूहळू जायला हवी. भरभर सोडली तर अंग लाल होऊन खाज सुटते. किडनी ठीक आहे ना हे कळायला मधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिनही बघतात. सर्जनना मात्र एक विचारा: इन्फेक्शन वरवरचं आहे की सांध्यापर्यंत गेलंय? कृत्रिम सांध्यावर जंतू चिकट थर करून बसतात, तिथे नुसत्या औषधाने भागत नाही, उघडून धुवावं लागतं.

नातवंडांना जवळ येऊ द्या. ड्रेसिंग झाकलेलं, टॉवेल वेगळा आणि हात लावण्याआधी-नंतर साबण, एवढं पाळा. साधा स्टॅफ तर साधारण दर तिसऱ्या माणसाच्या नाकात असतो. आम्ही एकदा हौसेने आपलेच स्वॅब लावले होते; दोन प्लेटांवर पिवळ्याधमक वसाहती उगवल्या, त्यातली एक माझी! वॉर्डात एमआरएसए हातांवरून फिरतो, आणि त्यात भेटायला येणाऱ्यांइतकेच आम्हा स्टाफचेही हात आले. ड्रेसिंगला येणाऱ्याने सॅनिटायझर घेतला नसेल तर बेधडक सांगा.

आणि रिपोर्टची झेरॉक्स फायलीत ठेवा. पुढे कधी दुसरं ऑपरेशन निघालं तर ती आधी दाखवा, चिरफाडीपूर्वीचं इंजेक्शन त्यावरून बदलतात.