निवडणुकीच्या काळात ख्रिस्ती माणसाने श्रद्धा आणि राजकारण यांचा मेळ कसा घालावा?

मेळाचं नंतर बघू. आधी सोलापुरातला २०१९ चा झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, सांगतो.

१४ एप्रिल. बाहेर आंबेडकर जयंतीची गडबड, आणि चार दिवसांनी लोकसभेचं मतदान, तेही नेमकं प्रभुभोजनाच्या गुरुवारी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून आम्ही चर्चमध्ये भाकर घेतो त्या दिवशी. (तामिळनाडूतही तीच तारीख होती. तिथले काही ख्रिस्ती ती बदलून मागायला हायकोर्टात गेले, कोर्टाने ऐकलं नाही.) मुलं झावळ्या हलवत होसान्ना म्हणत आत आली, गीत झालं, आणि सूचनांच्या वेळी आमचे दाजी उठले. दाजी मंडळीचे पंच, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक. म्हणाले, "एक पाहुणे दोन शब्द बोलतील."

पाहुण्याच्या खिशाला पक्षाचा बिल्ला होता. व्यासपीठाच्या पायऱ्या चढता चढता त्याने तो काढून मुठीत धरला. मागच्या अंगणात पत्र्याची शेड घालून देतो म्हणाला, साहेबांना आशीर्वाद द्या म्हणाला. एका बाकावरून चक्क आमेन आलं! मी उठून म्हणालो, हे इथे नको. पाळकसाहेबांनी लगेच पुढचं गीत सांगितलं. दाजी माझ्याशी नाताळपर्यंत बोलले नाहीत.

दाजींचं म्हणणं, राजांसाठी प्रार्थना करा असं बायबलमध्ये प्रेषित पौलानेच आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलंय. लिहिलंय ना! सगळ्याच अधिकाऱ्यांसाठी लिहिलंय; एका उमेदवाराच्या माणसाला माईक द्या असं कुठे आहे? आचारसंहितेत तर मंदिर-मशिदीच्या जोडीला चर्चचं नावच घातलंय, प्रचाराला ती जागा वापरायची नाही. धर्माच्या नावावर मत मागणं हे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचरण ठरतं, आणि त्यात मतदाराचा धर्मही धरायचा, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलंय.

दुसरं टोक म्हणजे 'कैसराचे ते कैसराला' म्हणून हात झटकणारे. त्यांनी तो प्रसंग नीट वाचावा. कैसराला, म्हणजे रोमच्या सम्राटाला, कर द्यावा का असं येशूला विचारलं होतं. येशूने नाणं दाखवायला सांगितलं, तर ते प्रश्न विचारणाऱ्यांकडेच निघालं; म्हणजे कैसराच्या व्यवहारात तेही होतेच.

तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो: मत द्या, पक्षात जा, उभेसुद्धा राहा. फक्त आधी पंचपदाचा राजीनामा द्या. मी त्या गुरुवारी सकाळी मत दिलं आणि संध्याकाळी त्याच शाई लागलेल्या हाताने भाकर घेतली. मला काही अडचण वाटली नाही.

हां, एक आहे. मी शहरात राहतो. जिथे घरातल्या प्रार्थनेवर लोक चालून येतात, तिथल्या पाळकाने आमदाराशी ओळख ठेवली तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटणार नाही. पण आमच्याकडे तसं काही नव्हतं. आमच्याकडे शेड होती.

तीही अजून झालेली नाही, दाजी.