थंडीतली क्रूझ: जॅकेट मोठ्या बॅगेत टाकू नका

प्रश्न: ताई नमस्कार, आमची लेक न्यूजर्सीत एडिसनला असते, जानेवारीत आम्हा दोघांना सात रात्रींच्या क्रूझवर नेणारे. बेयोनच्या केप लिबर्टी बंदरातून निघायचं, बहामा करून परत तिथेच. लेक म्हणते आई तिकडे गरम असतं, कॉटनचेच कपडे घे, आणि जावई म्हणतात पहिल्याच दिवशी गारठून जाल. मी कायम साडीत असते, यांना दम्याचा त्रास आहे. नक्की काय काय घेऊ?
एक वाचक, चिंचवड

उत्तर: काकू, दोघांचंही बरोबर आहे, फक्त दिवस वेगळे आहेत. जानेवारीत न्यूयॉर्कच्या आसपास दुपारी साधारण 4 डिग्री असतं, रात्री शून्याच्या खाली, आणि बहामाच्या राजधानीत, नसाऊला, दुपारी 25 च्या आसपास. म्हणजे थंडी दोनदा भेटणार, जाताना आणि येताना.

त्रास खरा वाऱ्याचा असतो. जहाज 20 नॉटने म्हणजे ताशी 37 किलोमीटरने चाललं की हवा स्थिर असली तरी डेकवर तेवढा वारा लागतोच, मग शून्य डिग्री असेल तर अंगाला उणे 7 सारखं वाटतं, आणि समोरून वारा असला तर आणखी. नेमके त्याच वेळी सगळे वर जातात, कारण जहाज बहुतेक दुपारी निघतं, लांबून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, मग व्हेराझानो पुलाखालून बाहेर पडायचं, जानेवारीत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. हे अजिबात चुकवू नका, पण जामानिमा करून जा.

आणि इथेच बरेच जण फसतात. मोठ्या बॅगा बंदरावरच हमालाकडे द्याव्या लागतात, त्या केबिनपाशी यायला कधीकधी संध्याकाळ होते, तोपर्यंत जहाज निघालेलं असतं आणि स्वेटर बॅगेत. म्हणून जॅकेट, कानटोपी, मफलर, हातमोजे आणि काकांची सगळी औषधं हातातल्या बॅगेतच ठेवा. जॅकेट गाडीत ठेवून जाऊ असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका.

कपड्यांचं म्हणाल तर एकच जाडजूड कोट घेण्यापेक्षा आत थर्मल, मग लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर, वरून वारा अडवणारं जॅकेट, असं करा, जहाजाच्या आत गेल्यावर एकेक काढता येतं. आतला कपडा कॉटनचा नको, घाम धरून ठेवतो आणि मग तोच गार पडतो. साडी जेवणाच्या वेळी आत खुशाल नेसा, पण पहिल्या संध्याकाळी डेकवर सलवार किंवा पँटच बरी, वाऱ्यात पदर आणि निऱ्या सांभाळताना कठडा धरायला हात मोकळा राहत नाही, आणि डेक ओला असतो. चपला तर नकोतच, न घसरणारे बंद बूट हवेत. काकांना माकडटोपी घ्यायची असेल तर घेऊ द्या, त्याहून चांगली गोष्ट नाही, कान आणि मान दोन्ही झाकलं जातं.

दम्याला गार कोरडी हवा चालत नाही, श्वासनलिका आवळतात, म्हणून डेकवर नाका-तोंडावर मफलर आणि श्वास नाकाने. इनहेलर आतल्या खिशात ठेवा, अंगाच्या उबेजवळ. निघण्याआधी डॉक्टरांना एकदा भेटाच, तेव्हाच बोट लागण्याच्या गोळीचंही विचारा, कारण दुसऱ्या दिवशी नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या केप हॅटरास या भूशिरासमोरून जाताना हिवाळ्यात समुद्र बराच खवळलेला असू शकतो. तिथे गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाचं गरम पाणी आणि उत्तरेचं थंड पाणी जवळ येतं, वादळं होतात. कॅप्टनने वरचा डेक बंद केला तर घाबरू नका, ते नेहमीचंच आहे. केबिन अजून ठरवली नसेल तर जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची घ्या, हेलकावे कमी. आलेपाकाची वडी जवळ असू द्या.

हॅटरास ओलांडलं की हवा बदलायला लागते, मग तुमच्या लेकीचे कॉटनचे कपडे. पण येताना पुन्हा तेच, आणि मला वाटतं येतानाची थंडी जास्त बोचते, कारण अंगाला 25 डिग्रीची सवय झालेली असते. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्यात जॅकेट भरून टाकू नका, सकाळी उतरून पार्किंगपर्यंत त्याच थंडीत चालायचंय.

प्रश्न: आमची पण अशीच ट्रिप आहे, मुलगा दहा वर्षांचा आहे आणि पहिल्या दिवसापासून पूलमध्ये उतरणार म्हणतो. उतरू द्यावं का?
एक आई, टोरंटो

उत्तर: पाणी बऱ्याचदा कोमट केलेलं असतं, त्रास बाहेर आल्यावर होतो, ओलं अंग आणि वारा. काचेखालचा पूल असतो पण बऱ्याच जहाजांवर तो फक्त मोठ्यांसाठी, आधी विचारून घ्या. हवा उबदार होईपर्यंत त्याला थांबवा, आणि थांबतच नसेल तर काठावरच टॉवेल आणि टोपी घेऊन उभ्या राहा, बाहेर आला की आधी डोकं पुसा.