घोड्याचा ईसीजी आणि बाबांचा पेसमेकर

प्रश्न : मुलगी बारावी पीसीबी झाली. नीटमध्ये मार्क कमी पडले, म्हणून रिपीटचा क्लास लावला आहे. दोन वर्षांपूर्वी हार्ट ब्लॉकमुळे, म्हणजे हृदयातली वीज वाटेत अडत असल्यामुळे, मला पेसमेकर बसवला. तेव्हापासून तिला प्राण्यांच्या हृदयातल्या विजेचं वेड लागलं आहे. अभ्यास सोडून घोड्यांचे ईसीजी बघत बसते, यावरच रिसर्च करणार म्हणते. तिने कार्डिओलॉजिस्ट व्हावं ही माझी इच्छा. माझ्या तब्येतीची तिला कल्पना आहे, तरी हट्ट सोडत नाही. निदान व्हेटर्नरी तरी घ्यावं का?
– एक पालक, कोथरूड

उत्तर : मार्कांचं नंतर बघू. 'माझ्या तब्येतीची तिला कल्पना आहे, तरी...' हे वाक्य वाचून मी थांबले. ते तुम्ही घरातही बोलत असणार. अठरा वर्षांच्या मुलीला त्यातून काय ऐकू येतं? मी डॉक्टर झाले नाही तर बाबांना काहीतरी होईल, आणि ते माझ्यामुळे. हे डोक्यात घेऊन ती टेस्ट सिरीजला बसते आणि मार्क का वाढत नाहीत म्हणून तुम्ही क्लासला फोन करता! पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय की पेसमेकर उत्तम चालतोय, रोज सकाळी वेताळ टेकडी चढता. टेकडीवर ठणठणीत असलेला माणूस नीटचा विषय निघाला की आजारी कसा पडतो? राग आला तर येऊ दे, पण तुमचं आजारपण या चर्चेतून बाहेर काढा. आणि व्यवहारानेच बोलायचं तर एमबीबीएस, एमडी, डीएम होईपर्यंत बारा वर्षं सहज जातात. तोवर तुमची काळजी तुमचे आत्ताचे डॉक्टरच घेणार आहेत.

हृदयावर काम करायचं तर आधी डॉक्टर व्हावंच लागतं, हा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो. तुमच्या छातीतल्या यंत्राचंच बघा. शरीरात बसवायच्या पेसमेकरवर सुरुवातीला राबलेल्यांपैकी एक, विल्सन ग्रेटबॅच, विद्युत अभियंता होता. त्याचं यंत्र 1958 साली अमेरिकेत, बफेलोच्या रुग्णालयात आधी एका कुत्र्याच्या हृदयाला जोडून पाहिलं गेलं. आजही या क्षेत्रात डॉक्टरांच्या बरोबरीने भौतिकशास्त्राचे, गणिताचे लोक असतात. हृदयातून वीज कशी पसरते ते रंगद्रव्यं आणि कॅमेरे वापरून टिपायचं, मग त्याची समीकरणं मांडायची. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देतं, आपलं सत्तरच्या आसपास. मग उंदरात दिसलेलं माणसाला कितपत लागू करायचं, यावरच माणसं आयुष्य घालवतात. आणि घोड्याचं म्हणाल तर मुलीची नजर चांगली आहे. निरोगी घोडा निवांत उभा असताना त्याच्या हृदयात एखाद्या ठोक्याचा विजेचा संदेश वरच्या कप्प्यातून खाली पोचतच नाही. हृदयाला संथ करणाऱ्या व्हेगस नर्व्हचा तो प्रभाव. घोडा पळू लागला की सगळं सुरळीत. हाही एक प्रकारचा हार्ट ब्लॉकच. बाबांना मशीन लागलं आणि घोड्याला का लागत नाही, असं ती स्वतःला विचारत असेल तर तिला टाइमपास करते म्हणू नका.

आता थोडं तिला. अकरावीत गणित सोडलंस ते मला पटलेलं नाही. या विषयात ते टाळता येणार नाही. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे आयएटीत, तर गणिताचा पूर्ण विभाग असतो. दुसरं जास्त अवघड आहे. या प्रयोगांत उंदराचं किंवा सशाचं हृदय बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळलेलं क्षारद्रावण सोडून ते धडधडत ठेवतात. लँगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाची ही पद्धत 1895 पासून चालत आली आहे. एथिक्स कमिटीची परवानगी घ्यावी लागते, नियम कडक आहेत, पण प्राणी मरतो. हे आपल्या हातून होईल का, ते स्क्रीनवर बघून कळत नाही. नाही झालं तर कमीपणा नाही. झेब्राफिश या छोट्या माशाचं पिल्लू पारदर्शक असतं, हृदय जिवंतपणी मायक्रोस्कोपखाली दिसतं. आपल्या पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत त्या माशाच्या हृदयावर काम झालं आहे. निव्वळ कॉम्प्युटरवर मॉडेल करणारेही असतात.

व्हेटर्नरी 'निदान' म्हणून घेऊ नका. शिरवळचं कॉलेज जवळ आहे, पण तिथेही नीटमधूनच जावं लागतं, आणि रात्री दोनला अडलेली गाय सोडवायची हौस असलेल्यांची ती जागा आहे.

वाट सरळ आहे: आयसरचं पाच वर्षांचं बीएस-एमएस, मग पीएचडी. पाषाणचीच आयसर हवी असा हट्ट नको, बाकीच्याही चांगल्या आहेत. पैशाचं विचाराल म्हणून सांगते. पीएचडीला जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना 37,000 रुपये, आणि पक्की नोकरी लागेपर्यंत तिशी ओलांडते. हे पचवायची तयारी घरातल्या सगळ्यांची हवी.

नीट पुन्हा द्यायची की नाही ते तिला ठरवू द्या. आयएटीचा फॉर्म मात्र मुदतीत भरायला हवा. बारावीच्या वर्षाची अट असते, ती आजच वेबसाइटवर वाचा. ओटीपी तुमच्या मोबाइलवर आला तर तिला लगेच सांगा.