वाचकांचे प्रश्न : गायकावरचा चित्रपट, परवानगी कोणाची?

प्रश्न : अल्लादियाखाँसाहेबांवरचा चित्रपट तयार आहे. त्यात त्यांच्या बंदिशी आहेत, शिष्यपरंपरेतली १९७० ची एक तबकडीही आहे. प्रदर्शनाआधी काय पाहावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रचनेचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. खाँसाहेब १९४६ साली गेले. रचनाकारानंतर ६० वर्षं हक्क राहतो. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या बंदिशी २००६ अखेर मोकळ्या झाल्या. तबकडीची ६० वर्षं मात्र प्रकाशनापासून मोजतात, म्हणजे २०३० अखेरपर्यंत कंपनीचं लेखी पत्र हवंच. ‘घरच्यांनी हो म्हटलंय’ एवढ्यावर भागत नाही. सेन्सॉरचं प्रमाणपत्रही हा प्रश्न सोडवत नाही.

आणि केडीएम विसरू नका. कुलूपबंद डीसीपीची, म्हणजे थिएटरला जाणाऱ्या चित्रपटाच्या डिजिटल प्रतीची, ही किल्ली थिएटरातल्या ठरावीक सर्व्हरला, ठरावीक वेळेतच चालते. ऐनवेळी पडदा, म्हणजेच सर्व्हर, बदलला तर नवी किल्ली मागवा, नाहीतर पहिलाच खेळ बोंबलतो.