स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, तरी सिंगल एंट्री शेंगेनवर जाऊ नका

मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर जायचंय, तिथं व्हिसा लागत नाही तर ऑस्लोपुरता सिंगल एंट्री (एकदाच प्रवेश देणारा) शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, पुरेल का, आणि गाडी भाड्यानं घेऊन तिथल्या निऑलेसुंड या वस्तीतलं भारतीय संशोधन केंद्र बघता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

सिंगल एंट्री अजिबात नको. १९२० च्या करारानं ही बेटं नॉर्वेकडे गेली (त्यावर भारताच्या वतीनंही सही झाली होती), पण ती शेंगेनच्या बाहेर आहेत. ऑस्लो किंवा उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून विमान पकडताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता. परतताना तो दुसरा प्रवेश धरला जातो. म्हणून किमान डबल एंट्री मागा, आणि अर्जासोबत लाँगयरब्येनची (स्वालबार्डच्या मुख्य गावाची) तिकिटं जोडा.

गाडीचा विचार सोडूनच द्या. लाँगयरब्येन आणि आसपासचे सगळे रस्ते मिळून जेमतेम ४०-५० किलोमीटर भरतील. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाणारा रस्ताच नाही. गाव संपतं तिथं लाल कडेच्या काळ्या त्रिकोणावर पांढऱ्या अस्वलाची पाटी आहे, खाली लिहिलंय: ‘संपूर्ण स्वालबार्डला लागू’. ती शोभेची नाही. तिच्यापुढे सशस्त्र वाटाड्याशिवाय जाऊ नका, मुलं बरोबर असताना तर नाहीच.

हिवाळ्यात स्नोमोबाईल, उन्हाळ्यात बोट, एवढंच वाहन. मे नेमका अधला-मधला: बर्फ मऊ पडतो, स्नोमोबाईलचे मार्ग बंद होत जातात आणि बोटींचा हंगाम नुकता कुठं सुरू होत असतो. जमलं तर जूनअखेरीनंतर जा. पश्चिम किनाऱ्याला अटलांटिकचा उबदार प्रवाह लागतो, त्यामुळे ७८ अंश उत्तरेलाही तिकडचा समुद्र बराच मोकळा असतो. पूर्वेकडे बर्फ उशिरापर्यंत हटत नाही.

निऑलेसुंड लाँगयरब्येनपासून शंभरेक किलोमीटर वायव्येला आहे, उन्हाळ्यात काही जहाजं तिथं थांबतात. आपलं संशोधन केंद्र ‘हिमाद्री’ २००८ पासून तिथं आहे, गोव्यातल्या वास्को-द-गामा शहरातली ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. इमारत बाहेरूनच दिसेल, पण तिच्यावरची ‘हिमाद्री’ची पाटी वाचताना ऊर भरून येतो, हे खरं. मात्र उतरण्याआधी फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करा. तिथली यंत्रं अंतराळातून येणारे फार क्षीण रेडिओसंकेत टिपतात, म्हणून सगळ्या गावानं हे मौन पाळलंय.

विमा घेताना रुग्णाला विमानानं हलवण्याचा खर्च त्यात धरलाय ना, ते नक्की बघा. लाँगयरब्येनमधलं रुग्णालय लहान आहे, गंभीर दुखणं ट्रॉम्सोला न्यावं लागतं.