वाचक विचारतात : दे सिकाचे सिनेमे

प्रश्न : इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका स्वतः लोकप्रिय नटही होता. मग ‘बायसिकल थीव्ज’मध्ये (१९४८) कसलेले नट का नाहीत? त्याचे सिनेमे कोणत्या क्रमाने पाहावेत?

उत्तर : अमेरिकन निर्माता सेल्झनिक पैसे द्यायला तयार होता, पण नायक हॉलिवूडचा स्टार कॅरी ग्रँट हवा, ही त्याची अट. सिनेमात एका गरीब माणसाची रोजीरोटीची सायकल चोरीला जाते; तिथे ओळखीचा चेहरा दिसला की सायकल गेल्याची धास्ती उरत नाही. दे सिकाने कारखान्यातला कामगार लाम्बेर्तो माज्जोरानी घेतला. अशा लोकांना चालणं, उठणं, बसणं तो स्वतः करून दाखवायचा; तिथे त्याच्यातला नट कामी आला.

आधी ‘शूशाइन’ (१९४६), मग ‘बायसिकल थीव्ज’, मग ‘उम्बेर्तो डी’ (१९५२). ‘उम्बेर्तो डी’तला म्हातारा नायक म्हणजे भाषाशास्त्राचे प्राध्यापक कार्लो बात्तिस्ती. मोलकरणीचा सकाळचा प्रसंग घाई न करता पाहा. ती काडी ओढते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी सोडते, कॉफी दळता दळता पाय लांबवून दार लोटते. संवाद नाही, तरी तिची सगळी काळजी कळते. आमच्या मते दे सिकाचं सर्वोत्तम काम हेच. सिनेमा मात्र तिकीटबारीवर पडला.

दे सिकाच्या स्वतःच्या अभिनयासाठी दिग्दर्शक रोस्सेलिनीचा ‘जनरल देल्ला रोव्हेरे’ (१९५९) चुकवू नका.