इंग्लंडला निघण्याआधी ओळखीचे शब्द पुन्हा तपासा

तुम्ही विचारलंय की आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत 7.5 बँड मिळालेत, ऑफिसचं सगळं काम इंग्रजीतच चालतं, तीन महिन्यांनी नोकरीसाठी इंग्लंडला निघायचंय, तर भाषेची आणखी काही तयारी करावी का. करावी, पण नवे शब्द पाठ करण्याची नव्हे. अवघड शब्द समोर आला की आपण थांबतो, अर्थ बघतो. जो शब्द येतोच असं वाटतं, तिथे थांबणं सुचतही नाही. मी 13 वर्षं लीड्समध्ये राहते आहे आणि भाषेपायी मला जे काही नडलं ते सगळं ओळखीच्या शब्दांमुळे.

पहिल्याच महिन्यात बैठकीत मी म्हणाले, 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर डिझाइन.' मला एक मुद्दा कळला नव्हता, तो विचारायचा होता. सहकाऱ्याचा चेहरा पडला आणि पुढची 15 मिनिटं तो आपल्या कामाची बाजू मांडत बसला. आपण मराठीत शंका विचारतो, आणि शंकेत साधा प्रश्नही येतो, संशयही येतो. तिथल्या 'डाउट'मध्ये फक्त संशय असतो, म्हणजे तुझं काम बरोबर असेल असं मला वाटत नाही. विचारायचं असेल तेव्हा 'क्वेश्चन' म्हणा. ईमेलमध्ये 'आय विल रिव्हर्ट' लिहायची सवयही सोडा. उत्तर देईन असं आपल्याला म्हणायचं असतं, पण तिकडे त्या शब्दाचा रोजचा अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं असा आहे.

सगळ्यात जास्त तयारी डॉक्टरांकडे बोलण्याची करा, कळकळीने सांगते. मला ताप होता, अंग मोडून आलं होतं. फोनवर मी सांगितलं, 'आय हॅव बीन सिक सिन्स मॉर्निंग.' पलीकडून प्रश्न आले: किती वेळा? रक्त पडलं का? पाणी पोटात टिकतंय का? ब्रिटिश बोलण्यात 'बीन सिक' म्हणजे उलटी झाली, आणि 'फीलिंग सिक' म्हणजे मळमळतंय. नुसतं आजारी असाल तर 'इल' किंवा 'अनवेल' म्हणायचं. गंमत अशी की आजारपणाची सुट्टी मात्र 'सिक लीव्ह'च. ती सलग 7 दिवसांपेक्षा लांबली तर डॉक्टरांचं पत्र लागतं. त्याला लोक अजून 'सिक नोट' म्हणतात, पण 2010 पासून त्याचं अधिकृत नाव 'फिट नोट' आहे. त्यात काम अजिबात जमणार नाही, की काही बदल केले तर जमेल, हे लिहिलेलं असतं.

दुखण्याबद्दल बोलताना आपली भाषा केवढी श्रीमंत आहे बघा. ठणका लागतो, कळ येते, चमक भरते, मुरडा येतो, हुळहुळतं, आग होते. पण इंग्रजीत बोलायला लागलो की सगळ्याला 'पेन' म्हणून मोकळे होतो, आणि डॉक्टरांना नेमकी हवी असलेली माहिती तिथेच गळते. सतत बोथट दुखत असेल तर 'एक' (ache), ठणकत असेल तर 'थ्रॉबिंग', चमक येत असेल तर 'शूटिंग', मुरडा किंवा पेटका असेल तर 'क्रॅम्प', दाबल्यावरच दुखत असेल तर 'टेंडर'. चक्कर येते म्हणतानाही थोडं थांबा. सगळं गरगर फिरतंय, की डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता शुद्ध जाईल असं वाटतंय? पहिल्याची कारणं पुष्कळदा कानात सापडतात, दुसऱ्याची रक्तदाबात किंवा हृदयात. म्हणून पहिल्याला 'स्पिनिंग' म्हणा आणि दुसऱ्याला 'फेंट'. घरी कोणाला काही जुनं दुखणं असेल तर हे शब्द आधीच कागदावर लिहून न्या. आणि पत्रात 'सर्जरी'ला या असं लिहिलं असेल तर घाबरू नका, तो नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे.

घर भाड्याने घेताना 'डिपॉझिट' हा एकच शब्द दोन वेगळ्या रकमांना वापरतात. 'होल्डिंग डिपॉझिट' म्हणजे घर तुमच्यासाठी राखून ठेवायला दिलेला विसार. इंग्लंडमध्ये 2019 च्या कायद्याने तो एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, पण तुम्ही स्वतः माघार घेतली तर तो जाऊ शकतो. दुसरी 'टेनन्सी डिपॉझिट', म्हणजे आपली नेहमीची अनामत. वर्षाचं भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर ती पाच आठवड्यांच्या भाड्याइतकीच घेता येते, आणि घरमालकाने 30 दिवसांत ती सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. मात्र योजनेचं हे संरक्षण 'टेनंट'ला आहे, 'लॉजर'ला नाही. मालक राहतो त्याच घरात तुम्ही खोली घेऊन स्वयंपाकघर वाटून वापरत असाल तर तुम्ही बहुधा लॉजर ठरता आणि तुमचे हक्क बरेच कमी होतात. आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो, म्हणून हा फरक डोळ्यांसमोरून निसटतो. स्वस्त खोली मिळाली म्हणून आनंदात सही करण्याआधी या एका शब्दाकडे बघाच.

व्हिसाच्या बाबतीत 'लीव्ह टू रिमेन' हे शब्द कानावर येतील. ही लीव्ह सुट्टीची नाही आणि निघून जाण्याचीही नाही. ती परवानगी आहे. मराठी माणसाला हे पटकन उमगायला हवं, कारण आपल्या 'रजा' शब्दात हेच दोन अर्थ नांदतात: ऑफिसची रजाही आणि वडीलधाऱ्यांकडून निरोप घेताना मागितलेली रजाही. पुढे 'इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन' मिळेल, तेव्हा शब्दकोशातला 'अनिश्चित' हा अर्थ लावू नका. तिला मुदतीची मर्यादा नाही, एवढंच. ते नागरिकत्व मात्र नव्हे. सलग 2 वर्षांहून जास्त काळ ब्रिटनबाहेर राहिलात तर ही परवानगी सहसा संपते. आईवडिलांच्या आजारपणासाठी लांब मुक्काम करण्याची वेळ येऊ शकते, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवते.

बाकी कौतुकाचं म्हणाल तर 'क्वाइट गुड' म्हणजे बरं आहे, फार छान नव्हे. अमेरिकन माणूस तेच म्हणाला तर तो खरंच खूश असतो. साहेबांनी 'यू माइट वॉन्ट टू लुक ॲट धिस' म्हटलं तर तो नुसता सल्ला समजू नका, ते आजच बघा.

आणि कोणी 'हाफ सेव्हन'ला बोलावलं तर साडेसातला जा. इथे आपल्याला नवं काही शिकायला लागत नाही. माझी जर्मन शेजारीण मात्र पहिल्यांदा आमच्याकडे साडेसहालाच दारात उभी होती, कारण तिच्या भाषेत 'अर्धे सात' म्हणजे साडेसहा.